इंग्लिश प्रीमियरशिप रग्बी २०२२-२३ : गुणतालिकेत न दिसणारे संघ

पश्चिमवारा (धागाकर्ता)

क्रिकेट, फुटबॉल, टेनिसचे धागे इथे भरपूर आहेत, रग्बीचा मात्र शोधूनही सापडला नाही. तो आज काढतोय. विषय आहे इंग्लंडच्या सर्वोच्च क्लब लीगचा, म्हणजे प्रीमियरशिपचा २०२२-२३ चा हंगाम. नंतरचे हंगामही झकास झाले. २०२४ ला नॉर्थॅम्प्टन आणि २०२५ ला बाथ ज्या जिद्दीने जिंकले, त्यावर वेगळा धागा व्हायला हवा. पण आज ही लीग दहाच संघांची का आहे, हे २०२२-२३ कडे पाहिल्याशिवाय समजत नाही.

त्या हंगामाची गुणतालिका उघडलीत तर ती अगदी नीटनेटकी दिसेल. ११ संघ, प्रत्येकाचे २० सामने, सर्वात वर सॅरसन्स, तळाला न्यूकासल. सुरुवात मात्र १३ संघांनी झाली होती. ८ सप्टेंबर २०२२ ला राणी एलिझाबेथ गेल्या, शुक्रवारचे सामने पुढे ढकलले गेले आणि त्याच शनिवार-रविवारी हंगाम सुरू झाला.

वुस्टर वॉरियर्सची अवस्था तेव्हाच बिकट होती. पगार रखडलेले, कर थकलेला. सिक्सवेज् या त्यांच्या मैदानावर सामना भरवायचा तर सुरक्षेच्या अटींमुळे पाच हजारांच्या आतच प्रेक्षक घ्यायचे, आणि त्यासाठीसुद्धा कर्मचारी पदरमोड करून राबत होते. २४ सप्टेंबरला याच संघाने न्यूकासलला ३९-५ असं धुतलं. तो त्यांचा शेवटचा सामना ठरला. २६ तारखेला इंग्लंडच्या रग्बी युनियनने क्लबला निलंबित केलं, कारण विमा, पैसा आणि पुढची योजना यांचा पुरावा मालकांना मुदतीत देता आला नाही. ५ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने खेळाडूंचे करार ज्या कंपनीकडे होते ती कंपनीच गुंडाळायचा आदेश दिला. अख्खा संघ एका दिवसात बेकार झाला.

पंधरा दिवसही उलटले नव्हते तोवर वॉस्प्सची पाळी आली. १८६७ साली स्थापन झालेला हा क्लब सहा वेळा इंग्लंडचा आणि दोनदा युरोपचा विजेता. इंग्लंडचा माजी कर्णधार लॉरेन्स डलालिओ आपली सगळी कारकीर्द ज्या जर्सीत खेळला ती हीच. १७ ऑक्टोबरला क्लब अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला (म्हणजे कर्जबाजारी झाल्यामुळे कारभार बाहेरच्या प्रशासकाकडे गेला) आणि त्याच दिवशी १६७ खेळाडू-कर्मचाऱ्यांची नोकरी गेली.

दोन्ही क्लबांचे झालेले सगळे सामने मग रद्द धरण्यात आले. ३९-५ चा तो विजय तालिकेत कुठेच नाही. नियमाच्या दृष्टीने दुसरा मार्ग नव्हता, हे मला मान्य आहे. पण दोन महिने पगाराची खात्री नसताना जे लोक त्या दुपारी तसं खेळले, त्यांच्या खेळाची नोंद कुठेतरी असायला हवी असं मला मनापासून वाटतं. हा धागा त्यासाठीच आहे.

आडवा_पास

धागा काढल्याबद्दल आभार! पण फक्त दिवाळखोरीवर थांबू नका, मैदानावर काय झालं तेही येऊ द्या. तो हंगाम खेळ म्हणून फार सुंदर होता. त्यातल्या त्यात सेल शार्क्स. सॅलफर्डला त्यांचं मैदान, थंडी, वारा, आणि त्यात ती करी जुळी भावंडं टॉम आणि बेन! टॅकल करून उठायचे आणि पुढच्या रकमध्ये (जमिनीवरच्या चेंडूभोवतीच्या झुंबडीत) पुन्हा चेंडूवर तुटून पडायचे. जॉर्ज फोर्ड लेस्टरला विजेतेपद मिळवून देऊन त्याच वर्षी सेलकडे आला. दुखापतीमुळे सुरुवातीचे महिने खेळला नाही, पण आल्यावर संघाचा चेहरा बदलला.

उपांत्य फेरीत सेलने लेस्टरला २१-१३ ने हरवलं. फोर्ड आपल्याच जुन्या संघाविरुद्ध. २००६ नंतर सेल पहिल्यांदा अंतिम फेरीत गेला. दुसऱ्या उपांत्य सामन्यात सॅरसन्सने नॉर्थॅम्प्टनला ३८-१५ असं सहज बाजूला केलं.

सुलू_७७

मी या खेळात अगदीच नवखी आहे. मुलगा इंग्लंडमध्ये शिकायला गेलाय आणि तिथे रग्बी बघायला लागलाय, म्हणून विचारते. गुण कसे देतात? आणि खालच्या संघाला बाहेर काढतात का, फुटबॉलसारखं?

पश्चिमवारा

सुलूताई, जिंकलं की ४, बरोबरीला २. शिवाय सामन्यात चार किंवा जास्त ट्राय (समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं) केले तर १ बोनस, आणि सात किंवा कमी गुणांनी हरलं तरी १ बोनस. म्हणून हरणारा संघही शेवटच्या मिनिटापर्यंत झटत राहतो. पहिले चार संघ उपांत्य फेरीत जातात, अंतिम सामना लंडनला ट्विकनहॅमवर.

बाहेर काढण्याचं म्हणाल तर त्या हंगामात तळाचा न्यूकासल वाचला. खालच्या विभागात जर्सी रेड्स पहिले आले, पण वर यायला मैदान वगैरेंच्या ज्या किमान अटी असतात त्या त्यांच्याकडून पूर्ण होत नव्हत्या. पुढचं ऐकून वाईट वाटेल. विजेतेपदानंतर चारच महिन्यांत, सप्टेंबर २०२३ मध्ये, जर्सी रेड्सचा पैसा संपला आणि क्लबचं कामकाज बंद पडलं.

हिशेबनीस

माझं काम ताळेबंदाचं, त्यामुळे मला या हंगामाचा तो भाग जास्त खुपतो. वॉस्प्सचं उदाहरण घ्या. लंडनचा क्लब, स्वतःचं मोठं मैदान नव्हतं. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांनी थेट कोव्हेंट्रीला बिऱ्हाड हलवलं, तिथलं स्टेडियम विकत घेतलं. २०१५ मध्ये ३५ दशलक्ष पौंडांचे रोखे काढले, घेणाऱ्यांत क्लबचे चाहतेही होते. परतफेडीची मुदत मे २०२२. मधल्या काळात कोविड आला, स्टेडियम रिकामं, हॉटेल रिकामं, परिषदा बंद. मुदत आली तेव्हा पैसे नव्हते, नवीन कर्ज मिळेना, त्यात कराची थकबाकी.

आता मूळ दुखणं. लीगमध्ये सॅलरी कॅप आहे, म्हणजे खेळाडूंच्या पगारावर वर्षाला किती खर्च करायचा याची मर्यादा. कोविडनंतर ती ६.४ दशलक्ष पौंडांवरून ५ दशलक्षांवर आणली. ती पाळली जाते की नाही हे बघायला यंत्रणा होती. पण ते पाच दशलक्ष क्लबकडे खरोखर आहेत की मालकाच्या पुढच्या कर्जावर अवलंबून आहेत, हे वेळेत तपासणारं कोणी नव्हतं. जवळपास सगळेच क्लब दरवर्षी तोट्यात, आणि तो तोटा मालक भरून काढणार हे गृहीत धरलेलं. फ्रान्समध्ये क्लबांचे हिशेब तपासणारी स्वतंत्र संस्था आहे. आकडे पटले नाहीत तर ती संघाला थेट खालच्या विभागात पाठवू शकते. इंग्लंडला तेव्हा तसं काही नव्हतं.

डिसेंबर २०१८ मध्ये सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीने लीगचा २७ टक्के वाटा घेतला. क्लबांना एकरकमी पैसा मिळाला. त्यातून भविष्याची सोय करण्याऐवजी बराचसा रोजच्या खर्चात गेला, आणि वर उत्पन्नातला तेवढा वाटा कायमचा गेला. कोविडच्या काळात सरकारनेही क्लबांना मोठी कर्जं दिली. कर्ज फेडायला उत्पन्न वाढावं लागतं. ते वाढलं नाही.

कोव्हेंट्रीकर

मी वॉस्प्सच्या मैदानापासून बसने वीस मिनिटांवर राहतो. इथल्या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. ते स्टेडियम बांधलं गेलं कोव्हेंट्री सिटी या फुटबॉल क्लबसाठी. वॉस्प्सने ते घेतल्यावर फुटबॉलवाले आपल्याच गावात रग्बी क्लबचे भाडेकरू झाले, मधे दोन हंगाम बर्मिंगहॅमला जाऊन ‘घरचे’ सामने खेळले. त्यामुळे गावातल्या अनेकांच्या मनात वॉस्प्सबद्दल अढी होती. १६७ लोकांची नोकरी गेल्याचं वाईट सगळ्यांनाच वाटलं. पण लंडनचा क्लब उचलून दीडशे किलोमीटरवर नेला की दीडशे वर्षांची आपुलकी सोबत येत नाही, हेही मी इथे राहून पाहिलंय.

आपल्या लोकांसाठी एक आठवण. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतली कुस्ती याच संकुलात झाली. बजरंग पुनिया, साक्षी मलिक, विनेश फोगट, रवी दहिया, दीपक पुनिया आणि नवीन यांची सहा सुवर्णपदकं इथलीच. इथली मराठी मंडळी झेंडे घेऊन गेली होती. ऑगस्टमध्ये तिथे राष्ट्रगीत वाजत होतं आणि ऑक्टोबरात वॉस्प्स बंद. त्याच संकुलात रग्बी सेव्हन्सही (सात-सात खेळाडूंचं रग्बी) झालं, आणि मैदानाची इतकी वाट लागली की फुटबॉलच्या हंगामाचे सुरुवातीचे घरचे सामने पुढे ढकलावे लागले.

आडवा_पास

हिशेबनीस, सॅलरी कॅपचा विषय काढलात तर सॅरसन्सबद्दल बोलावंच लागेल. मर्यादेचं उल्लंघन केलं म्हणून २०१९-२० मध्ये त्यांचे एकूण १०५ गुण कापले, ५३ लाख पौंडांहून जास्त दंड केला आणि खालच्या विभागात पाठवलं. ते वर आले, २०२२ च्या अंतिम सामन्यात लेस्टरकडून १५-१२ ने हरले. फ्रेडी बर्न्सचा तो अगदी शेवटचा ड्रॉप गोल (चेंडूला टप्पा देऊन किकने केलेला गोल)! आणि २०२३ ला चषक घेऊन गेले. मला या विजेतेपदाचा आनंद घेता येत नाही. नियम मोडून जमवलेल्या संघाचा कणा तोच होता : फॅरेल, इटोजे, जेमी जॉर्ज, डेली.

रेडिंगकर

असहमत. शिक्षा झाली, ती त्यांनी भोगली. त्या वर्षी ते खालच्या विभागात छोट्या छोट्या मैदानांवर जाऊन खेळले, आणि फॅरेल, इटोजे, जॉर्ज यांच्यापैकी कोणी क्लब सोडून गेलं नाही. इंग्लंडचा कर्णधार दुसऱ्या विभागात खेळतोय हे दृश्य रग्बीत क्वचितच दिसतं. २०२३ चा संघ मर्यादेत राहून जिंकला. त्यांचा प्रशिक्षक मार्क मॅकॉलने त्या वर्षी त्यांची खेळायची पद्धतही बदलली. आधी हा संघ उंच किक मारून समोरच्याला चुकायला लावायचा, त्या हंगामात चेंडू हातात ठेवून स्वतःच्या अर्ध्यातून धावायला लागला.

अंतिम सामन्याचंच बघा. २७ मे, ट्विकनहॅम, साठ हजारांवर लोक. पहिल्या अर्ध्यात आंदोलकांनी मैदानात येऊन नारिंगी भुकटी उधळली, खेळ थांबला. दुसऱ्या अर्ध्यात सेल २५-२३ ने पुढे, आणि सगळं स्टेडियम सेलच्या बाजूने. तिथून व्हॅन झिल आणि डेलीचे ट्राय आले, ३५-२५. तो शेवटचा टप्पा मी पुन्हा पुन्हा पाहिलाय. कोणी घाईत नाही, कोणी ओरडत नाही, प्रत्येक जण आपापलं काम चोख करतोय. सेलचे प्रशिक्षक अ‍ॅलेक्स सँडरसन आधी बरीच वर्षं सॅरसन्सकडेच होते, त्यामुळे दोन्ही संघांना एकमेकांची नस माहीत होती.

पश्चिमवारा

तुम्हा दोघांचंही म्हणणं मला पटतं, पण माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. पैसा असून जास्त खर्च केला त्या क्लबला शिक्षा झाली, आणि तो तीन वर्षांत विजेता झाला. पैसा नसताना खर्च करणाऱ्या क्लबांना कोणी वेळेत अडवलं नाही, आणि ते संपले. नियामकांनी दुसऱ्या प्रकाराकडे पहिल्याइतकं लक्ष दिलं असतं तर वुस्टर कदाचित वाचलं असतं. जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने अहवाल दिला, त्यात मालकांबरोबरच रग्बी युनियन आणि लीगवरही कडक ताशेरे आहेत, ते याच कारणाने.

रेडिंगकर, तुम्ही लंडन आयरिशबद्दल लिहा ना. त्यांचं मैदान बरीच वर्षं तुमच्याच गावात होतं.

रेडिंगकर

लिहितो. जड जातंय, पण लिहितो.

१८९८ मध्ये लंडनमधल्या आयरिश लोकांनी काढलेला हा क्लब. रेडिंगच्या मडेस्की स्टेडियममध्ये सेंट पॅट्रिक्स डेच्या (आयरिश लोकांच्या राष्ट्रीय सणाच्या) आसपासचा सामना म्हणजे गावची जत्रा असायची. हिरव्या टोप्या, ढोल, पोरंबाळं, आणि रग्बीतलं काहीही न कळणारे माझ्यासारखे देशी लोक. मी हा खेळ तिथे शिकलो. शेजारी बसलेल्या आजोबांनी स्क्रमचा (दोन्ही संघ खांदे अडकवून एकमेकांना रेटतात त्याचा) नियम समजावून सांगितला होता. २०२० मध्ये क्लब लंडनला, ब्रेंटफर्डच्या नव्या मैदानात परतला.

२०२२-२३ मध्ये हा संघ पाचवा आला, उपांत्य फेरी अगदी थोडक्यात हुकली. आणि संघ किती तरुण! हेन्री अरंडेल, ऑली हॅसल-कॉलिन्स, टॉम पीअर्सन, चँडलर कनिंगहॅम-साउथ. अकादमीतून आलेली पोरं मोकळ्या मैदानात धावायला लागली की लोक जागेवरून उठायचे. आणखी दोन वर्षं मिळती तर हा संघ विजेता झाला असता, असं मला आजही वाटतं.

मालक मिक क्रॉसन यांनी अनेक वर्षं स्वतःचा पैसा ओतला, शेवटी विकायला काढला. एका अमेरिकी गटाशी बोलणी महिनोन् महिने चालली. रग्बी युनियनने मुदत दिली, ती वाढवून दिली, आणि ६ जून २०२३ ला निलंबनाचा निर्णय आला. वुस्टर आणि वॉस्प्सचे सामने पुसले गेले, आयरिशचे राहिले, कारण त्यांनी हंगाम पूर्ण केला होता. तालिकेत आजही पाचव्या क्रमांकावर त्यांचं नाव आहे. पुढच्या हंगामाच्या तालिकेत ते नाही.

सुलू_७७

वाचून कसंतरी झालं. एवढ्या खेळाडूंचं पुढे काय झालं? सगळ्यांना दुसरीकडे जागा मिळाली?

आडवा_पास

नाही ताई, सगळ्यांना नाही. नामवंतांना मिळाली. मधल्या फळीतल्यांना मिळेल त्या पैशात, महिन्या-दोन महिन्यांच्या करारावर खेळावं लागलं, काहींनी खेळ सोडला. दहा-अकरा क्लबांना सॅलरी कॅपमध्ये बसवून एवढी माणसं घेणं शक्यच नव्हतं.

नामवंतांचं सांगायचं तर वुस्टरचे ऑली लॉरेन्स आणि टेड हिल बाथला गेले. आदल्या हंगामात तळाला असलेलं बाथ तिथून उठलं, त्यात या दोघांचा मोठा हातभार आहे. वॉस्प्सचा जॅक विलिस फ्रान्सला तुलूझकडे गेला आणि तिथल्या दिग्गजांत मानाने उभा राहिला. आयरिशचा पीअर्सन नॉर्थॅम्प्टनकडे, कनिंगहॅम-साउथ हार्लेक्विन्सकडे, हॅसल-कॉलिन्स लेस्टरकडे, अरंडेल पॅरिसच्या रासिंगकडे.

परदेशात खेळणाऱ्याला इंग्लंडच्या संघात घेत नाहीत. विलिसचा क्लबच बुडाला म्हणून त्याला काही काळ सूट मिळाली. २०२३ च्या विश्वचषकानंतर ती संपली. आपल्या देशासाठी खेळायच्या वयात हा गुणी फ्लँकर (स्क्रमच्या कडेला खेळणारा) तुलूझसाठी जीव तोडून खेळतोय, आणि तो तिथे पोचण्याआधी त्याच्या हातात काहीच नव्हतं.

पश्चिमवारा

याला जोडून १२ फेब्रुवारी २०२३ चा सामना सांगतो. सिक्स नेशन्स (युरोपातल्या सहा देशांची वार्षिक स्पर्धा), ट्विकनहॅम, इंग्लंड वि. इटली. डिसेंबरात इंग्लंडचे प्रशिक्षक एडी जोन्सना काढलं होतं आणि लेस्टरचे स्टीव्ह बोर्थविक भर हंगामात क्लब सोडून राष्ट्रीय प्रशिक्षक झाले होते. (लेस्टरला तेव्हा मुख्य प्रशिक्षक उरला नाही, म्हणून संघातलाच खेळाडू रिचर्ड विगल्सवर्थने बूट काढून सूत्रं हाती घेतली आणि संघ उपांत्य फेरीपर्यंत नेला. त्याचं श्रेय फारसं कोणी देत नाही.)

तर त्या दिवशी इंग्लंड ३१-१४ ने जिंकलं. पहिला ट्राय जॅक विलिसचा, वॉस्प्सचा. नंतर बदली म्हणून आलेल्या अरंडेलने कोपऱ्यात ट्राय केला, लंडन आयरिशचा. सामन्याचा मानकरी ऑली लॉरेन्स, वुस्टरचा. तिन्ही क्लबांनी घडवलेली पोरं एकाच दुपारी इंग्लंडच्या जर्सीत. त्यातले दोन क्लब तोवर बंद पडले होते, तिसऱ्याचे चार महिने उरले होते. हे क्लब नीट चालवले गेले नाहीत, पण खेळाडू घडवायचं काम ते उत्तम करत होते.

जिमखाना

वाचतोय, फार चांगला धागा. मुंबईतून लिहितो. आझाद मैदानाला लागून बॉम्बे जिमखान्याचं मैदान आहे, तिथे पावसाळ्यात चिखलात रग्बी चालतं, येता-जाता कुंपणातून बघितलं असेल अनेकांनी. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या संकुलात आपल्याकडची पहिली रग्बी प्रीमियर लीग झाली, सहा फ्रँचायझी, सात-सात खेळाडूंचा प्रकार. परदेशी खेळाडूंबरोबर आपली पोरं खेळली. हिशेबनीस, तुमचा प्रतिसाद वाचून मला तिची काळजी वाटायला लागली. सुरुवातीलाच कोणीतरी तिचे हिशेब नीट बघावेत.

हिशेबनीस

जिमखाना, काळजी रास्त आहे, पण घाबरू नका. फ्रँचायझी लीगचा ढाचा वेगळा, हंगाम दोन आठवड्यांचा, पंधरा जणांच्या संघासारखा वर्षभर चाळीस-पन्नास खेळाडूंचा पगार द्यायचा नसतो. विचारायचं ते इतकंच की प्रायोजक गेला तर खेळाडूंचे पैसे कोण देणार, आणि ते आधीच कुठे बाजूला ठेवलेत का. वुस्टरच्या खेळाडूंना याचं उत्तर हंगाम सुरू व्हायच्या आधी मिळालं असतं, तर त्यांना दुसरीकडे जागा शोधायला उन्हाळा मिळाला असता.

कोव्हेंट्रीकर

एक चांगली बातमीही लिहून ठेवतो. वुस्टर परत आलंय. नव्या मालकीखाली २०२५-२६ पासून दुसऱ्या विभागात, त्याच सिक्सवेज् मैदानावर खेळतंय. आणि न्यूकासल, जे त्या हंगामात तळाला होतं आणि पुढेही पैशाअभावी धडपडत राहिलं, ते ऑगस्ट २०२५ मध्ये रेड बुलने घेतलं.

सुलू_७७

बरं वाटलं वाचून. आता मला बघायलाही आवडेल. कुठून सुरुवात करू?

पश्चिमवारा

ताई, आधी २०२२ चा अंतिम सामना बघा, लेस्टर-सॅरसन्स, थोडक्यात सारांश चालेल. मग २०२३ चे सेल-लेस्टर उपांत्य आणि अंतिम, हे दोन्ही पूर्ण बघा. गुण कसे धो धो होतात ते बघायचं तर त्या हंगामाच्या शेवटच्या फेरीतला बाथ-सॅरसन्स, ६१-२९. सॅरसन्सने बहुतेक मोठ्या खेळाडूंना विश्रांती दिली होती हे खरं, पण युरोपच्या मोठ्या स्पर्धेत जायला बाथला तो विजय हवाच होता, आणि त्या भुकेने ते खेळले.

चालू सामने बघायचे तर वेळेचं गणित सोपं आहे. तिथला दुपारी तीनचा सामना आपल्याकडे ऑक्टोबरअखेरपर्यंत संध्याकाळी साडेसातला, त्यानंतर मार्चअखेरपर्यंत रात्री साडेआठला सुरू होतो. मुलाला फोन लावून दोघं एकाच वेळी बघा, नियम तो सांगेल.